‘वॉटरशिप डाउन’ आणि आमची मोगरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वॉटरशिप डाउन’ हा सशांचा चित्रपट मी आजवर सोसायटीच्या हॉलमध्ये, भाचरांच्या सुट्टीत, पाऊस पडतोय म्हणून घरी थांबलेल्या मैत्रिणींना, इतक्या जणांना दाखवलाय की पुढचा प्रश्न कोणता येणार हेही आता मला कळतं. निम्मे प्रश्न चित्रपटाचे असतात. उरलेले मोगरीचे, म्हणजे आम्ही पाळलेल्या सशाचे, कारण चित्रपट चालू असताना मी मध्येच “मोगरीपण असंच करायची” असं म्हणते आणि मग लोक पडदा सोडून माझ्याकडे बघतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. क्रम लोकांचाच आहे, माझा नाही.

हा जहाज बुडण्याचा सिनेमा आहे का?

नाही. नावात ‘शिप’ आणि ‘डाउन’ एकापाठोपाठ आले की सगळ्यांना तेच वाटतं. माझे काका अर्धा तास समुद्राची वाट बघत बसले होते. ‘डाउन’ हा इथे जुन्या इंग्रजीतला टेकडीसाठीचा शब्द आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडे चुनखडीच्या, वर गवताळ सपाटी असलेल्या टेकड्या आहेत, त्यांना ‘डाउन्स’ म्हणतात. आपल्याकडे माळ म्हणतो तसलं काहीतरी, फक्त हिरवं. वॉटरशिप डाउन ही हॅम्पशर परगण्यातली खरोखरची टेकडी आहे, किंग्जक्लिअर गावाजवळ. गोष्टीतली नदी, शेतघर, रस्ता, सगळं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

कार्टूनच आहे ना? मुलांना लावून देऊन आम्ही स्वयंपाकाला लागलो तर चालेल?

चालणार नाही. हे उत्तर मी ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला हवं होतं.

१९७८ साली ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने या चित्रपटाला ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे कुणीही बघा. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की चित्रं हाताने काढलेली असल्यामुळे रक्तपात खरा वाटत नाही, आणि गोष्टीची मोहिनी उतरली की मुलं विसरतील. मुलं विसरली नाहीत. पुढची चाळीसेक वर्षं पालकांच्या तक्रारी येतच राहिल्या. २०१६ मध्ये एका ब्रिटिश वाहिनीने तो ऐन इस्टरच्या रविवारी दुपारी लावला. ज्या सणाचं चिन्हच ससा, त्या दिवशी! घरोघर रडारड झाली आणि वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. शेवटी २०२२ मध्ये प्रमाणपत्र बदलून ‘पीजी’ झालं, म्हणजे मोठ्यांनी सोबत बसावं. कारणांत हिंसा, रक्त यांच्याबरोबर भाषेचाही उल्लेख आहे, कारण एका पक्ष्याच्या तोंडी एक सणसणीत शब्द आहे.

माझा हिशेब असा: दहा वर्षांच्या आतल्यांना नको. त्याच्या वरच्यांना दाखवा, पण शेजारी बसा, आणि रिमोट स्वतःच्या हातात ठेवा. तारेच्या फासाचा प्रसंग आणि बिळं बुजवली जातात तो प्रसंग, या दोन ठिकाणी मूल तुमचा हात धरेल. धरू द्या. “काही नाही, खोटं आहे” असं म्हणू नका. खोटं नाहीये ते.

म्हणजे निळ्या कोटातला तो ससा, तोच का?

तो नव्हे. निळ्या कोटातला पीटर हा बिअॅट्रिक्स पॉटर यांचा. पॉटरबाईंनी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून तो जन्मला आणि १९०२ मध्ये पुस्तकात आला. त्याच्यामागे त्यांचा स्वतःचा पाळीव ससा होता. २०१८ मध्ये पीटरचा विनोदी चित्रपट आला आणि त्याच वर्षी ‘वॉटरशिप डाउन’ची नवी मालिकाही आली, त्यामुळे घोळ वाढला. चुकून दुसरं लावलंत तर वरचा प्रश्न पुन्हा वाचावा लागेल.

गोष्ट काय आहे?

सँडलफर्ड नावाच्या ठिकाणी सशांची मोठी वसाहत आहे. फायव्हर नावाचा एक किरकोळ, सतत थरथरणारा ससा आहे, त्याला पुढचं दिसतं. एका संध्याकाळी त्याला समोरचं शेत रक्ताने भरलेलं दिसतं. जवळच माणसांनी एक फलक ठोकलेला असतो. सशांना तो वाचता येत नाही. तिथे घरं बांधायची आहेत, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. मुखिया ऐकत नाही. मग फायव्हरचा भाऊ हेझल मूठभर सशांना घेऊन रातोरात निघतो. ओढा, कुत्रा, रस्ता, घुबड, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुसरे ससे.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे, ससेहोलपट. आपण तो रेशनच्या रांगेपासून बदलीच्या अर्जापर्यंत कशालाही वापरतो आणि आत ससा आहे हे विसरतो. (ससेमिऱ्यात मात्र ससा नाही बरं का. तो संस्कृत कथेतल्या चार श्लोकांच्या पहिल्या अक्षरांतून आलाय.)

हे सगळं कुणाला सुचलं?

रिचर्ड अॅडम्स नावाच्या सरकारी नोकराला. जन्म १९२०, न्यूबरीचा, म्हणजे त्याच मुलखातला. गाडीतून स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं नाटक बघायला चालले होते, मागच्या सीटवर ज्युलिएट आणि रोझमंड या दोन मुली. लांबचा प्रवास, मुलींची भुणभुण, म्हणून तोंडाला येईल तशी सशांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मुलींनी मग लिहाच म्हणून पिच्छा पुरवला. नोकरी सांभाळून संध्याकाळी लिहिलं. बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं. लहानांसाठी फार मोठं, मोठ्यांसाठी फार सशांचं! शेवटी रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकाने नोव्हेंबर १९७२ मध्ये जेमतेम अडीच हजार प्रती काढल्या. पुस्तकाला बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालं आणि नंतर प्रती कोटींत खपल्या. अॅडम्स गेले २०१६ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, ९६ व्या वर्षी.

एक गंमत मला नेहमी खुणावते. हा माणूस ज्या खात्यात नोकरीला होता ते गृहनिर्माणाचं आणि स्थानिक कारभाराचं खातं. घरं बांधायचा फलक म्हणजे सशांच्या दृष्टीने काय, हे त्या फायलींच्या बाजूला बसलेल्या माणसाने लिहिलं.

दुसरं म्हणजे युद्ध. दुसऱ्या महायुद्धात ते छत्रीधारी सैन्याबरोबर जाणाऱ्या रसद तुकडीत होते. तिथल्या मेजर जॉन गिफर्ड यांच्यावरून हेझल आणि कॅप्टन पॅडी कॅव्हना यांच्यावरून हेझलचा दांडगा सोबती बिगविग उभा केला, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. मात्र ही युद्धाची रूपककथा आहे का असं विचारलं की ते वैतागत. सशांची गोष्ट आहे, बस्स. सशांच्या सवयी त्यांनी रोनल्ड लॉकली यांच्या १९६४ च्या पुस्तकातून घेतल्या, आणि त्यामुळेच ते ससे माणसांचे कपडे घातलेले वाटत नाहीत. लेंड्या टाकतात, ऊन टाळतात, पाय आपटतात.

आपल्याकडच्या सशांचं पण असंच असतं का? बिळं वगैरे?

इथे मराठीने आपली पंचाईत केलीय. आपल्याकडे दोन वेगळ्या प्राण्यांना एकच शब्द आहे.

माळावर, उसाच्या फडाजवळ, रात्री गाडीच्या उजेडात जो टणाटण उड्या मारत जातो तो रानससा. लांब पाय, लांब कान, मानेवर काळा डाग. तो बीळ खणत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आणि आपण घरी पाळतो तो वेगळा. मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा, कळपाने बिळांत राहणारा. त्याची पिल्लं उघडीवाघडी, आंधळी, बोटाएवढी. हा दुसरा भारतात रानात नाहीच. वॉटरशिपचे ससे हे दुसऱ्या जातीचे.

ससा-कासवाच्या शर्यतीतला कोण? धावायची घमेंड रानसशालाच शोभते.

आणि हे वाचून कुणी माळावरचं पिल्लू उचलून आणू नका. रानससा पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एकटं बसलेलं पिल्लू टाकून दिलेलं नसतं, आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि अंधारात येऊन पाजते.

मधेच कसले शब्द बोलतात? सबटायटल्स असूनही कळत नाही.

ती सशांची भाषा. अॅडम्सनी चिमूटभरच बनवली, पण चव लागते. ‘हृदुदू’ म्हणजे मोटार (मोठ्याने म्हणून बघा, एस.टी. सुरू होतेय). ‘सिल्फ्ले’ म्हणजे बिळाबाहेर येऊन चरणं. ‘एलिल’ म्हणजे सशांना खाणारे सगळे. ‘फ्रिथ’ म्हणजे सूर्य, तोच देव. ‘आउस्ला’ म्हणजे मुखियाच्या भोवतीचे दांडगे.

माझा लाडका शब्द ‘ह्रेर’. सशांना चारपर्यंत मोजता येतं, त्यापुढे सगळं ह्रेर, म्हणजे पुष्कळ. फायव्हर त्या वेतात पाचवा किंवा त्यापुढचा, म्हणून त्याचं सशांतलं नाव ‘ह्रेरू’, पुष्कळांतला धाकटा. हे समजावताना मला कधी त्रास पडत नाही, कारण आपणही चारलाच थांबतो. चार लोक काय म्हणतील, चार पैसे गाठीला हवेत, चार घास खाऊन घे. मोजलेत कधी?

आणि ‘थार्न’. त्याचं वेगळं सांगते.

“मोगरीपण असंच करायची” म्हणजे काय काय?

मोगरी १९९३ च्या दिवाळीनंतर मिरजेच्या आमच्या जुन्या घरी आली. दादाने आठवडी बाजारातून कापडी पिशवीत घालून आणली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. आजीने नाव ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात तिने तुळशीवृंदावनाच्या पायाची माती उकरली. कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक. अण्णांनी वीट लावली, तिने विटेच्या बाजूने खणलं. आजी म्हणाली, “घर बांधतेय गं ती.” आजीचं बरोबर होतं. सशांत खणायचं काम मुख्यतः माद्यांचं. पुस्तकात नर ससे खणायची टाळाटाळ करतात त्याला हेच कारण आहे.

ती रात्री पाय आपटायची. मागच्या पायाने, फरशीवर, एकदाच, धप्प. मग थांबून पुन्हा धप्प. अण्णा झोपेतून ओरडायचे, “त्या मोगरीला आवरा!” आम्हाला वाटायचं, खोडी काढतेय, नाहीतर भूक लागलीय. एकदा दादा बॅटरी घेऊन बाहेर गेला तर गोठ्याच्या कौलावर बोका बसलेला. तेव्हासुद्धा आम्ही म्हटलं, “बोक्याला घाबरली.” ती घाबरली होतीच, पण पाय आमच्यासाठी आपटत होती. बिळातल्यांना कळावं म्हणून ससा जमीन ठोकतो. त्या घरात बिळातले म्हणजे आम्ही, आणि आम्ही कूस बदलून झोपायचो. हे मला चित्रपट बघताना कळलं, २००१ मध्ये, पुण्यात, पंधरा जणांच्या अंधाऱ्या खोलीत. एका सशाने जमिनीवर पाय आपटला, बाकीचे सगळे क्षणात गायब, आणि मला अण्णांचा आवाज ऐकू आला.

आनंद झाला की ती हवेत वाकडी उडी मारायची, अर्धं अंग एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. हे मात्र कुणी समजावायला लागलं नाही.

‘थार्न’चं काय सांगणार होता?

थार्न म्हणजे भीतीने थिजणं. गाडीच्या दिव्यासमोर ससा जागच्या जागी दगड होतो, ते. पळायची ताकद असते, पण पाय ऐकत नाहीत.

मोगरीला उलटं, पाठीवर, तान्ह्या बाळासारखं धरलं की ती अगदी शांत व्हायची. पाय सैल, डोळे उघडे, हालचाल नाही. आमच्या घरी कुणी पाहुणे आले की हा कार्यक्रम असायचा. आजी पदर पसरून बसायची, दादा मोगरीला उलटी ठेवायचा, आणि पाहुणे म्हणायचे, “अगंबाई, किती गुणाची! झोपली बघ.” मी तिच्या पोटावरून बोट फिरवायची. नाक मात्र भराभर हलत असायचं, इतकं भराभर की मोजता यायचं नाही.

ती झोपत नव्हती. शिकार होणारा प्राणी पकडला गेला की शेवटचा उपाय म्हणून मेल्यासारखा पडतो. आतून हृदय धडधडत असतं. म्हणजे आम्ही दर रविवारी चहापोह्यांबरोबर तिला मारून दाखवत होतो.

ससा पाळणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये आज असा व्हिडिओ असतो. पाठीवर झोपवू नका एवढंच सांगते. कानाला धरून तर कधीच उचलू नका. छातीखाली एक हात, मागच्या अंगाखाली दुसरा. झटका मारला तर स्वतःच्याच लाथेने सशाचा कणा मोडू शकतो.

तो काळा ससा कोण? भूत?

मृत्यू. ‘इन्लेचा काळा ससा’. इन्ले म्हणजे चंद्र. या सशांच्या पुराणात सूर्य जीव देतो आणि चंद्राच्या बाजूने काळा ससा येऊन घेऊन जातो. तो दुष्ट नाही. वेळ झाली की येतो, नावाने हाक मारतो.

आपल्याला हे पचायला सोपं जातं, कारण आपल्या चंद्रावर ससा आधीपासून बसलेला आहे. शशी, शशांक ही नावं त्यावरूनच. जातककथेत अतिथीला द्यायला काहीच नाही म्हणून ससा स्वतः आगीत उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढतो. पंचतंत्रात तर आख्खं सँडलफर्डच आहे. तळ्याकाठी सशांची वस्ती, पाण्याला येणाऱ्या हत्तींच्या पायांखाली ती चिरडते, आणि मग एक ससा हत्तींच्या राजाला रात्री तळ्यावर नेऊन थरथरणारं प्रतिबिंब दाखवतो: चंद्रदेव रागावलेत, जा परत. हत्तींच्या जागी बुलडोझर ठेवा. फरक एवढाच की बुलडोझरला चंद्र दाखवून उपयोग नसतो.

वॉटरशिपच्या सशांचाही असाच एक आदिपुरुष आहे, एल-अहरैरा, हजार शत्रूंचा राजपुत्र. पळणं, खणणं आणि फसवणं ही त्याची तीन शस्त्रं. त्याची कथा चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला येते, आदिवासी भित्तिचित्रांसारख्या सपाट, रंगीत आकारांत. तो भाग बाकीच्या चित्रपटापेक्षा वेगळा का दिसतो, असाही प्रश्न येतो. आधी दिग्दर्शक जॉन हबली होते. निर्माते मार्टिन रोझन यांच्याशी त्यांचं पटलं नाही, रोझननी स्वतःच दिग्दर्शन हाती घेतलं, आणि १९७७ मध्ये हबली वारले. त्यांचा ठसा उरला तो मुख्यतः त्या काही मिनिटांत. रोझनचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. कधीकधी असं जमून जातं.

१९७८ चा बघावा की २०१८ ची मालिका?

१९७८ चा. दीड तासाचा आहे, मागे जलरंगातली टेकडी, आणि आवाज काय एकेक! हेझल जॉन हर्ट, फायव्हर रिचर्ड ब्रायर्स. किहार नावाच्या पक्ष्याला झीरो मॉस्टेल यांचा आवाज आहे, चित्रपट पुरा होईपर्यंत ते हयात नव्हते. किहार म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर हे पाहुणे येतात, त्यामुळे मालवणच्या मामांना तो लगेच ओळखू आला.

२०१८ ची मालिका चार भागांची, बीबीसी आणि नेटफ्लिक्सची, संगणकावर केलेली. गोष्टीला ऐसपैस जागा मिळाली हे खरं. पण ससे एकमेकांत इतके मिसळतात की बोलल्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि चालताना त्यांचं वजन जमिनीला लागत नाही. एका गोष्टीसाठी मात्र जरूर बघा: हुकूमशहा जनरल वूंडवर्टला बेन किंग्जलींचा आवाज आहे. डोळे मिटून ऐकलं की पडद्यावरचे गांधीजी धमकी देतायत असं वाटतं. माझ्या सासऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही.

मधे १९९९ पासून ३९ भागांची आणखी एक मालिका आली होती, लहानांसाठी सौम्य केलेली. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

यात मादी ससे एवढे कमी का?

बरोबर पकडलंत. पुस्तकात आधी सगळे नरच पळतात. चित्रपटात व्हायोलेट नावाची एक मादी घातली आणि थोड्याच वेळात ती शिकारी पक्ष्याच्या पंजात गेली. नवी वसाहत वसल्यावर त्यांच्या लक्षात येतं की पिल्लंच होणार नाहीत, मग शेतघराच्या खुराड्यातल्या आणि वूंडवर्टच्या छावणीतल्या माद्या आणायच्या मोहिमा. माद्या म्हणजे आणायची वस्तू! २०१८ मध्ये हे थोडं सावरलं. पुस्तकात नर असलेली स्ट्रॉबेरी मादी झाली, खुराड्यातल्या क्लोव्हरला करायला काहीतरी मिळालं. मला १९७८ चा चित्रपट प्रिय असला तरी हा दोष मी झाकत नाही. निदान हायझेंथ्ले तरी आहे. छावणीत कोंडलेली ही मादी मोजकंच बोलते, पण तिच्या तोंडचं एकही वाक्य वाया जात नाही.

खुराड्याच्या प्रसंगाबद्दल एक. पुस्तकात हेझल जाळीबाहेरून त्या पाळीव सशांना विचारतो, येता का. ते घाबरत नाहीत, नाही म्हणत नाहीत, त्यांना प्रश्नच नीट कळत नाही. मोगरीच्या खुराड्याची कडी कधीकधी उघडी राहायची. ती दारापर्यंत यायची, वास घ्यायची आणि परत जाऊन बसायची. आम्ही कौतुकाने सांगायचो, “जात नाही कुठे.”

ते गाणं कोणतं?

‘ब्राइट आइज’. लिहिलं माइक बॅट यांनी, गायलं आर्ट गारफंकल यांनी. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लग्नाच्या व्हिडिओत कुणी कुणी लावतात. लावू नये. ते मरणाबद्दल आहे.

बघून झाल्यावर मुलगी ससा मागतेय. आणू का?

माझं पहिलं उत्तर ‘नको’. एवढ्यावर तुम्ही थांबणार नाही हे माहीत असल्यामुळे पुढचं.

ससा आठ-दहा वर्षं जगतो. आता तिसरीत असलेली मुलगी बारावीला जाईपर्यंत. मांडीवर बसायला त्याला बहुधा आवडत नाही. शेजारी बसलेलं आवडतं.

खाणं म्हणजे गवत. गाजर नव्हे! गाजर ही मिठाई, नखाएवढा तुकडा कधीमधी. ताटलीतलं बहुतेक सगळं सुकं गवत असावं, सोबत हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पोळी, पोहे, बिस्किटं बंद. आमच्या मोगरीला आम्ही हे सगळं घातलं. मिटक्या मारत खायची म्हणून घातलं. पहाटे ससा स्वतःची मऊ लेंडी खातो, ते घाण नाही, ती त्याच्या आतड्यातली दुसरी फेरी आहे, खाऊ द्या.

आंघोळ घालू नका. एकट्याला ठेवू नका, पण जोडी आणताना नर-मादी नीट तपासून घ्या, आणि दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ‘दोन्ही माद्याच’ म्हणून आणलेल्या जोडीने माझ्या मावसबहिणीला एकतिसाव्या दिवशी सात पिल्लं दाखवली. नसबंदी करून घ्या. म्हाताऱ्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार होतो.

औषधाबद्दल हे लिहून फ्रिजवर लावा: अॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन घराण्यातली औषधं सशाला तोंडाने दिली तर जीव जाऊ शकतो, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशावर मारायचा नाही. आधी विचारून सशांची माहिती असलेला डॉक्टर गाठून ठेवा, रात्री दोनला शोधत बसू नका.

आणि ऊन. सशाला घाम येत नाही. पारा तिशीपार गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे तिशी फेब्रुवारीतच येते.

मोगरीचं काय झालं?

१९९५ चा मे. खुराडं परसात होतं, वर पत्रा. आम्ही वर ओलं पोतं टाकायचो आणि ते अकराला सुकायचं.

त्या दिवशी सकाळी तिने कोथिंबीर खाल्ली नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, आणि दात वाजवत होती, करकर, करकर. मी आजीला बोलावलं. आजीचा जन्म गाईम्हशींत गेलेला. तिने वाकून बघितलं, ऐकलं, आणि म्हणाली, “रवंथ करतेय. रवंथ करतेय म्हणजे बरी आहे.”

गाईच्या बाबतीत ते खरं असतं. ससा रवंथ करत नाही. जोरात दात वाजवणं म्हणजे दुखणं. बारा तास खाल्लं नाही की ती सशाची आणीबाणी, हेही आता शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. आम्ही बरी आहे म्हणून आत गेलो. दुपारी दादा गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला तोवर ती आडवी पडली होती. डॉक्टरांनी पत्र्याला हात लावला, झटकन मागे घेतला, आणि काही बोलले नाहीत.

आजीला मी चित्रपट कधी दाखवला नाही. दात वाजवण्याचं तिला सांगितलंही नाही.

शेवटी हेझलचं काय होतं?

बघा. आणि दिवे लगेच लावू नका.

मोगरीचा फोटो आहे का?

एक आहे. दिवाळीत आत्येभावाने काढलेला. आजी ओसरीवर, पदर पसरलेला, मोगरी पाठीवर, पाय वर, आणि मी शेजारी बोट तिच्या पोटावर ठेवून कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. कुणीतरी मागे पोह्यांची बशी धरलीय. फ्लॅशमुळे आमच्या सगळ्यांचे डोळे लाल आलेत. तिचे तर तसेही लालच होते.